चित्र क्रमांक दोन

"व्हायरल," धाबेकर सर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

पुढच्या खाटेवर एक म्हातारा कण्हत पडला होता. सरांनी त्याचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, शर्टाचं वरचं एकच बटण काढून स्टेथोस्कोप आत सरकवला आणि बाहेर काढून बटण स्वतःच्या हातानं परत लावून दिलं.

"व्हायरल."

त्याच्या शेजारचा गडी ग्लानीत काहीतरी बरळत होता. सरांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"हाही व्हायरल. शिंत्रे, लिहा."

मी लिहिलं. मी म्हणजे रेणुका शिंत्रे, मेडिसिन विभागातली दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. सांगली सोडून विदर्भातल्या त्या जिल्ह्याच्या गावी एम. डी. करायला आले ती निव्वळ डॉ. दिगंबर धाबेकर या नावाकडे बघून. विषाणूंनी येणाऱ्या तापांवर सरांचे इतके शोधनिबंध छापून आले होते की त्यांच्या खोलीतलं एक अख्खं कपाट त्यांनीच भरलं होतं. परदेशी पुस्तकांत 'धाबेकर आणि इतर' असा उल्लेख यायचा. आम्ही निवासी डॉक्टर एकमेकांना 'इतर' म्हणायचो. "इतर, चहाला येतोस का?" असं.

सर उंच, शिडशिडीत आणि कमालीचे संकोची. नागपुरी उन्हाळ्यातसुद्धा गळ्याचं बटण लावलेलं, पँटला पट्टा असूनही वर गॅलिस. त्या वॉर्डात चाळीस खाटा एका लांबलचक दालनात मांडलेल्या, मध्ये पडदा नाही की आडोसा नाही. अशा ठिकाणी पेशंटचे कपडे सोडायला लावणं सरांना असभ्यपणाचं वाटायचं. "गरीब माणसाकडे अब्रूशिवाय असतं काय, शिंत्रे?" असं ते म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. म्हणून त्यांची तपासणी गळ्याच्या वर आणि मनगटाच्या पुढे चालायची.

त्या वर्षी पोळा झाला आणि तापाचे पेशंट येऊ लागले. बहुतेक सगळे जंगलाकडच्या गावांतले. मलेरियाची तपासणी कोरी, डेंग्यूची कोरी. पाच-सहा दिवस ताप, मग धाप, मग लघवी कमी, आणि मग एखादा जायचा. सर हळहळायचे. पण हळहळीखाली एक उत्सुकताही असायची, ती मला दिसायची. "नवा विषाणू असणार," ते हात चोळत म्हणायचे. "आपण शोधून काढू."

अशात मोहाडोंगरीची अनसूयाबाई टेकाम तापानं फणफणत दाखल झाली. आठवडाभरापूर्वी तिचा नवरा सोमाजी आमच्याच वॉर्डात गेला होता. दुपारी मी तिचं रक्त काढायला गेले, तर तिनं माझंच मनगट धरलं.

"बाई, हे पाहून घ्या जी."

तिनं नेसूची गाठ जराशी सैल केली. कमरेवर, अगदी गाठीखाली, एक काळी खपली होती. बिडीचा चटका बसावा तशी. भोवती लाल कडं.

"दुखतं?"

"दुखत नाही, खाजत नाही. पन माह्या मालकाले बी असंच होतं. जांघेत. आंघोळ घालताना दिसलं मले." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "डाक्टरले काहून नाही दिसलं?"

मी तिथून उठले आणि तडक ग्रंथालयात गेले. ती खपली मी कुठल्याशा नियतकालिकात पाहिली होती. स्क्रब टायफस. गवता-झुडपात राहणाऱ्या बारीक किड्यांची पिल्लं, डोळ्यांना न दिसणारी, माणसाला चावतात. चावल्याचं कळतही नाही. तिथं काळी खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. हा विषाणू नव्हेच, जिवाणू. आणि डॉक्सीसायक्लिन नावाच्या स्वस्तातल्या साध्या गोळीनं ताप दोन दिवसांत उतरतो. गोळी मिळाली नाही तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरतो.

मी अनसूयाबाईला ती गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवर मांडी घालून बसली होती आणि परिचारिकेशी भाकरी जाड असल्यावरून वाद घालत होती.

"बरी झाली," मी सरांना म्हटलं.

"होणारच. व्हायरल होता. उतरायची वेळ झाली, उतरला."

"आणि ती खपली, सर?"

"गळू असेल. खरूज असेल. शिंत्रे, हा आजार आपल्या भागात नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

पुस्तकात लिहिलं होतं हे खरं. तो धडा सरांनीच लिहिला होता.

पण एक सांगते, सर खोटे नव्हते. मी हट्ट धरल्यावर त्यांनी काही पेशंटांच्या रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू दिले. अहवाल यायला आठ-दहा दिवस लागले. आले ते सात जणांचे. पाच जणांना स्क्रब टायफस. त्यातले दोघं तोवर गेले होते.

सरांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, "पेपर लिहू या."

मी आनंदानं लिहायला घेतला. सरांनी तो तपासला, आणि एका ठिकाणी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक वाक्य घातलं. 'आमच्या रुग्णांमध्ये या आजाराची वैशिष्ट्यपूर्ण काळी खपली आढळत नाही.'

"सर, अनसूयाबाईला होती."

"एक. तीही तुम्ही पाहिली, मी नाही."

"आपण बघतच नाही, सर. कपड्यांच्या आत बघितलं तर सापडेल."

"म्हणजे भर वॉर्डात लोकांची लुगडी सोडायची?" सर लालेलाल झाले. "मी इतकी वर्षं ताप बघतोय. असं काही असतं तर मला दिसल्याशिवाय राहिलं नसतं."

"मग निदान सगळ्यांना गोळी तरी सुरू करू. अहवाल येईपर्यंत माणूस जातो."

"पुराव्याशिवाय अँटिबायोटिक? मी? या विषयावर देशभर भाषणं दिलीत मी. अहवाल येईल, त्याला गोळी मिळेल."

वाद तिथं थांबला. वॉर्डात ताप काही थांबला नाही.

पेपराला एक फोटो हवा होता, ज्या भागातून पेशंट आले त्या परिसराचा. चित्र क्रमांक एक. एका रविवारी कॉलेजची जीप घेऊन आम्ही मोहाडोंगरीला गेलो. मी पायमोज्यांत पँट खोचली होती, हातापायांना किडे पळवायचं मलम फासलं होतं, शिवाय बसायला ताडपत्री घेतली होती. सरांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

गावाबाहेर ओढ्याकाठी गुडघाभर गवत उभं होतं. मऊ, हिरवंगार, वाऱ्यानं डुलणारं. सर त्यात शिरले आणि मांडी घालून बसले. हातातला डबा उघडला.

"सर, ताडपत्रीवर बसा ना."

"अहो, असं गवत शहरात बघायला मिळत नाही. या, बसा. विजयानं झुणका दिलाय, ठेचाही आहे."

"मी उभ्यानंच खाते, सर. इथं ते किडे असणार. आपण पेपरात तसं लिहिलंय."

"लिहिलंय ते पेशंटांबद्दल," सर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "किडे लेखकांना चावत नसतात."

मी फोटो काढला. गवतात बसलेले, घास हातात घेतलेले, प्रसन्न हसणारे धाबेकर सर.

दहा-बारा दिवसांनी सर वॉर्डात आले नाहीत. निरोप आला, थोडा ताप आहे, व्हायरल आहे, चार दिवसांत येतो. चार दिवसांनी निरोप आला, अजून दोन दिवस. सहाव्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नीचा, विजयाकाकूंचा फोन आला.

"रेणुका, तू येऊन जा. हे कोणाला बोलावू देत नाहीत. म्हणतात, या शहरात माझ्यापेक्षा तापातलं कोणाला कळतं? आणि रात्रभर विषाणूंची नावं घेऊन बडबडतात."

विजयाकाकू मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बुटक्या, ठसठशीत, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. मी रक्तदाब बघायचं यंत्र, बॅटरी आणि विभागाचा कॅमेरा असलेली पिशवी तशीच उचलली आणि त्यांच्या बंगल्यावर गेले.

सर पलंगावर पडले होते. डोळे लाल, ओठ सुकलेले, श्वास वाजत होता. गळ्याचं बटण मात्र लावलेलं.

"सर, मला तुम्हाला तपासायचंय."

"नाडी बघा." त्यांनी मनगट पुढे केलं.

"पूर्ण तपासायचंय."

सरांनी दुसऱ्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "गरज नाही. व्हायरल आहे."

"तुम्ही त्या गवतात बसला होतात."

"योगायोग."

"मग तपासू देऊ नका. गोळी तरी घ्या. डॉक्सी आणलीय मी."

"पुरावा?" सरांनी धापा टाकत विचारलं. "पुरावा दाखवा. गोळी घेतो."

"पुरावा तुमच्या अंगावर असेल, सर. बघू तर द्या."

"एका विद्यार्थिनीसमोर? शक्य नाही."

"पुरुष डॉक्टरला बोलावते. शल्यविभागातून..."

"तो तर मुळीच नको. तो संध्याकाळपर्यंत क्लबात सांगेल."

"रक्त पाठवते मग."

"पाठवा. आठ दिवसांत येईल."

"आठ दिवस तुम्ही..."

दारात उभ्या असलेल्या विजयाकाकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पदर कमरेला खोचला.

"काय शोधायचंय, ते मला सांग. आणि तू बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहा."

बेडरूमच्या दाराला पोपटांची नक्षी असलेला पडदा होता. तो काकूंनी ओढला. अलीकडे मी, पलीकडे काकू, बॅटरी आणि विभागप्रमुख.

"काळी खपली बघा," मी पोपटांना सांगितलं. "तांदळाच्या दाण्यापासून करंगळीच्या नखापर्यंत केवढीही. भोवती लाल कडं. जिथं कपडा घट्ट बसतो आणि घाम साचतो, तिथं बघा."

आतून चादरीच्या ओढाओढीचा आवाज आला.

"काखेत नाही," काकूंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात जाहीर केलं. "पाठीवर नाही. पाठीवर घामोळं आहे. किती वेळा सांगितलं, पावडर लावा."

"विजया, मोठ्यानं सांगू नकोस!"

"तिला ऐकू जायला नको? कमरेला नाही. पट्ट्याचा वळ आहे तेवढा. पोटऱ्यांना नाही. आता पालथे व्हा."

"नाही."

"अहो, व्हा पालथे."

"मी विभागप्रमुख आहे."

"कॉलेजात. व्हा."

पलंग करकरला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"रेणुका," काकूंचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "अगं, इथं आहे."

"कुठं?"

"बसायच्या जागी. डावीकडे. उदबत्तीचा चटका बसावा तशी."

मी पडद्याला धरून उभी राहिले. आत शांतता. मला वाटलं, सर बेशुद्ध पडले की काय. आणि मग उशीत दाबलेला, घोगरा आवाज आला.

"केवढी आहे?"

"करंगळीच्या नखाएवढी," काकू म्हणाल्या.

"कडा उचललेल्या?"

"हो. लाल."

"मध्ये दबलेली?"

"हो."

मग सर म्हणाले, "टेबलाच्या खणात मोजपट्टी आहे. ती शेजारी ठेव. शिंत्रेच्या पिशवीत कॅमेरा असेल, तो घे."

"कशाला?"

"फोटो काढ. मोजपट्टीशिवाय खपलीचा फोटो कोणी छापत नाही."

काकूंना कॅमेरा येत नव्हता. मी पडद्याबाहेरून सांगत होते, त्या आतून विचारत होत्या, आणि सर उशीतून दोघींना ओरडत होते की सावली पडू देऊ नका. शेवटी तीन फोटो निघाले. पहिल्यात काकूंचा अंगठा होता, दुसऱ्यात छताचा पंखा. तिसरा मात्र असा स्वच्छ आला की छायाचित्रकारानं शिकून घ्यावं.

सरांनी मुकाट्यानं गोळी घेतली. त्यांना त्याच दिवशी दाखल केलं, प्राणवायू लावला. मधला एक दिवस वाईट गेला. काकू खाटेशी बसून होत्या, कोणाशीही बोलत नव्हत्या, त्यांचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सर उठून बसले आणि खायला मागायच्या आधी त्यांनी पेपराचा मसुदा मागितला. त्यांनीच घातलेलं ते वाक्य शोधून त्यावर आडवी रेघ मारली. दुसरी मारली. कागद फाटेपर्यंत मारत राहिले.

"शिंत्रे, वॉर्डात आत्ता तापाचे किती आहेत?"

मी सांगितलं.

"सगळ्यांना गोळी सुरू करा. अहवालाची वाट बघू नका. आणि प्रत्येकाला पूर्ण तपासा. पूर्ण म्हणजे पूर्ण."

"सर, आडोसा नाही."

भांडारात पडदे मागायला माणूस गेला. भांडारपाल म्हणाला, मागणी नोंदवा, पुढच्या आर्थिक वर्षात बघू. हे कळल्यावर काकू घरी गेल्या आणि तासाभरात बंगल्यातले झाडून सगळे पडदे घेऊन रिक्षातून उतरल्या. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात पोपट, मोर आणि एका पडद्यावर ताजमहाल असा संसार लटकू लागला. त्याच्या आड आम्ही बघायला लागलो आणि खपल्या सापडायला लागल्या. काखेत, मांडीच्या सांध्यात, छातीखाली, गुडघ्यामागे. त्या हंगामात नंतर आमच्या वॉर्डातून एकच माणूस गेला, आणि तो आला तेव्हाच फार उशीर झाला होता.

पेपर पुढच्या वर्षी छापून आला. पहिलं नाव माझं. सरांनी स्वतःचं शेवटी घातलं आणि मी काही बोलायच्या आत, "हा विषय माझा नव्हता, तुमचा होता," असं म्हणून संपवलं. संपादकांची तीन पत्रं आली ती मात्र वेगळ्याच कारणावरून. नियमाप्रमाणे लेखकांनी आपले हितसंबंध जाहीर करायचे असतात. सरांनी सरळ लिहिलं होतं, 'लेखकांपैकी एक जण रुग्णही आहे.' संपादकांना हे छापायचं कसं ते कळेना. मग विचारणा आली की छायाचित्रासाठी रुग्णाची संमती घेतली होती का. सरांनी कळवलं, 'रुग्ण सुरुवातीस राजी नव्हता. पत्नीनं त्याचं मन वळवलं.'

चित्र क्रमांक एक, गवतात बसलेले सर. चित्र क्रमांक दोन, त्याचा परिणाम. खाली आभार होते, 'छायाचित्रासाठी सौ. विजया धाबेकर.' आयुष्यात पहिल्यांदाच नाव परदेशी छापून आल्यामुळे काकूंनी तो अंक दिवाणखान्यात ठेवला. कोणी आलं की त्या अभिमानानं पान उघडायच्या, आणि सर आतून धावत येऊन ते मिटायचे.

आता मीच विभागप्रमुख आहे आणि त्या पेपराबद्दल विद्यार्थी अजून विचारतात. त्यांना मी हे सगळं सांगते. पण खरा उपयोग कुठं झाला, तर मोहाडोंगरीत.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास सरांनी तिथल्या शाळेत सभा ठेवली. हंगाम सुरू व्हायच्या आत लोकांना सांगायचं की ताप आला तर अंगावर खपली शोधा आणि लगेच या. पटांगणात सतरंज्या, एक माईक, व्यासपीठ म्हणून दोन टेबलं. अध्यक्षस्थानी गावचे पोलीसपाटील दादाराव कोवे. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, आणि एवढ्या उकाड्यात अंगाभोवती गच्च लपेटलेली शाल. मला वाटलं, सत्काराची असेल.

सर बोलायला उभे राहिले. त्या जिवाणूचं लॅटिन नाव सांगितलं, किड्याच्या चार अवस्था सांगितल्या, मग जगाच्या नकाशावर आजार कुठं कुठं आढळतो ते सांगितलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा घोरायला लागला. बायका आपसात बोलायला लागल्या. सर घाम पुसत पुढचं पान उलटणार, तेवढ्यात मागून अनसूयाबाई उभी राहिली.

"साहेब, ते किड्याचं राहू द्या. तुमाले बी झालं होतं म्हन्ते?"

सर थांबले. "हो. झालं होतं."

"मंग ते काळं कुठं होतं तुमाले?"

सरांचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला. सभा जागी झाली. घोरणारा म्हाताराही जागा झाला.

"नितंबावर," सर माईकमध्ये म्हणाले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "हे नितंब कोन्या गावाजोळ हाय बाप्पा?" एकीनं विचारलं.

"गाव नाही. तो... बैठकीचा भाग."

"बैठकीत चावलं?" म्हातारा म्हणाला. "म्हंजे पाटलाच्या घरी?"

"माह्या घरी काई किडे नाहीत!" दादाराव शालीतून गुरगुरले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, नाहीतर मला हसू फुटलं असतं. सरांनी एक खोल श्वास घेतला. मग ते सभेकडे पाठ करून उभे राहिले, स्वतःच्या डाव्या बाजूवर दोनदा थाप मारली आणि मान वळवून माईकमध्ये ओरडले,

"ढुंगणावर! इथं! डाव्या ढुंगणावर!"

जे हसू फुटलं, त्यानं शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या, पोरं सतरंजीवर लोळत होती. अनसूयाबाई डोळे पुसत होती. सर कानापर्यंत लाल झाले होते, पण तेही हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

एकटे दादाराव हसत नव्हते. त्यांनी सरांची बाही ओढली, मिशा त्यांच्या कानाला लावल्या आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, मले उजवीकडे हाय."

माईक चालू होता.

"अवं माय!" बायकांमधून पाटलीणबाई उठल्या. "पाच दिवसापासून फनफनून राह्यला हा मानूस! मले म्हने दिष्ट लागली, मिरच्या उतरव! किलोभर मिरच्या जाळल्या मी!"

सर झटकन खाली उतरले, दादारावांच्या दंडाला धरून त्यांना वर्गात घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. मी औषधांची पेटी घेऊन बाहेर उभी राहिले. पाच मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि सरांचा हात बाहेर आला. "गोळ्या द्या. आणि जीप तयार ठेवा, धाप सुरू झालीय. दवाखान्यात न्यायचंय."

दादाराव जीपमध्ये बसून रवाना झाले, शेजारी पाटलीणबाई अजून बोलतच होत्या. तोवर वर्गाच्या दाराशी रांग लागली होती. एका पोरीला काखेत खपली होती, तिलाही ताप होता. दोघांना नुसती गळवं होती. एक आजी गुडघ्यांसाठी आली होती. सरांनी सगळ्यांना बघितलं, आजीचे गुडघेसुद्धा.

जीप परत यायची वाट बघत आम्ही ओट्यावर बसलो. अनसूयाबाई चहाची किटली आणि बश्या घेऊन आली. चहा ओतून एक बशी मला दिली, एक सरांना.

सरांनी बशी खाली ठेवली.

"अनसूयाबाई, तुमच्या मालकांना हेच झालं होतं. मी त्यांना तपासलं होतं. मला ओळखता आलं नाही."

ती किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

"माईत हाय मले," ती म्हणाली. "लय लाजकोर होता तो. माह्यासमोर बी सदरा काढत नव्हता. तुमी दाखव म्हटलं असतं, तरी त्यानं दाखवलं नसतं." तिनं किटली ओट्यावर टेकवली. "पन तुमी म्हनाले पाह्यजे होतं."

"हो," सर म्हणाले.

"घ्या, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला."

सरांनी बशी उचलली आणि सगळा चहा प्यायले. वर्गाच्या दाराशी आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली होती, एकमेकांना पुढे ढकलत. सर उठले आणि आत गेले.